बिनशिलाईचं कापड

सकाळपासून पुढच्या खोलीत मशीन चालू होतं आणि मागच्या खोलीत अम्मी झाकून ठेवलेली होती. मध्ये फक्त एक पडदा.

मशीनचा आवाज या घराला नवा नव्हता, पण आज तो चिंधीच्या डोक्यात जात होता. बायको पहाटे गेली आणि हा माणूस दहा वाजता मशीनवर बसतो म्हणजे काय? कुणाची पँट अडली असेल एवढी? कुणाच्या कोटाचं अस्तर राहिलं असेल? राहू दे की राहिलं तर. सगळा जन्म या घरानं गिऱ्हाइकांसाठी ताटकळत काढला, आज एक दिवस गिऱ्हाइकांनी ताटकळावं. मनातल्या मनात ती अशी चडफडत होती आणि हातानं कापूर कुटत होती, कारण गुस्लवाल्या खालांनी तिला ते काम लावून दिलं होतं.

नात्यानं या खाला घरातल्या कुणाच्याच नव्हत्या. आसपासची कुणी बाई गेली की तिला शेवटची आंघोळ, म्हणजे गुस्ल, द्यायला त्या जायच्या, आणि गेली दोन वर्षं चिंधी त्यांच्या हाताखाली ते शिकत होती.

"कापूर अगदी पीठ नको करू," खाला म्हणाल्या. "आणि अब्बांना विचार, कफन झालं का. पाच तुकडे कापायचे, त्याला एवढा वेळ लागतो का टेलरला?"

"ते दुसऱ्याच कुणाचं तरी काम करतायत, खाला."

"आज?"

"आज."

खालांनी पदर डोक्यावर सारखा केला आणि पाणी कोमट झालं का बघायला गेल्या. इतक्या घरांतून इतकी मरणं त्यांनी पाहिली होती की दुःखात माणूस काय करेल याबद्दल बोलायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

चिंधी हे नाव अब्बांनीच पाडलेलं. लहानपणी ती मशीनखाली बसून कापडाचे तुकडे गोळा करायची, दुपारी तिथंच त्या ढिगाऱ्यात झोपायची. शोधायची वेळ आली की अब्बा म्हणायचे, बघा चिंध्यांत एखादी चिंधी हलतेय का. आता ती वीस वर्षांची होती, पाच वेळची नमाज पढत होती, डोकं झाकून कॉलेजात जात होती, तरी नाव काही बदललं नव्हतं. भाऊ मात्र तिला मौलवीणबाई म्हणायचा. तो वायरिंगची कामं करायचा, आणि त्याच्या जिभेला कुठलाच फ्यूज नव्हता.

या घरात धर्म होता, नाही असं नाही. कपाटावर उंच गुंडाळून ठेवलेला होता. अब्बा वर्षातून दोनदा नमाजेला जायचे, तेही गर्दीत मागे उभे राहून, पुढचा वाकला की वाकायचं अशा हिशेबानं. अडीच वर्षांपूर्वी चिंधीनं नमाज सुरू केली तेव्हा घरानं चार दिवस कौतुक केलं, महिनाभर चेष्टा केली आणि मग सवय करून घेतली. तिच्या बाजूला उभी राहिली ती एकटी फुफी. अब्बांची थोरली बहीण. तिनं स्वतःची जानमाज, नमाज पढायची चटई, चिंधीला दिली आणि भावाला दारात उभं करून सुनावलं, की तुझ्या घरात देवानं एक दिवा लावलाय, त्यावर फुंकर मारलीस तर माझ्याशी गाठ आहे.

ती फुफी आता अम्मीच्या उशाशी बसून पुटपुटत होती. वाचताना मध्येच थांबून ती भावजयीच्या कपाळावरून हात फिरवायची आणि पुन्हा वाचायला लागायची.

मशीन थांबलं तेव्हा बारा वाजून गेले होते.

पडदा सरकवून अब्बा आत आले. त्यांच्या डाव्या हातावर इस्त्री केलेलं पांढरं कापड होतं, गिऱ्हाइकाला ट्रायलसाठी दाखवताना ते कपडे जसे आणायचे तसंच, मनगटावर सारखं पसरून. त्यांनी ते फुफीच्या मांडीवर ठेवलं.

"झालं," ते म्हणाले. "मापात आहे."

आणि अम्मीकडे न बघता परत गेले.

फुफीनं वरची घडी उलगडली आणि तिचे हात थांबले. कापूर कुटायचा सोडून चिंधी उठली. खालाही आल्या. तिघी वाकून बघत राहिल्या.

कुर्ता शिवलेला होता. नुसता शिवलेला नव्हे, अब्बांनी आजवर कुणासाठी शिवला नसेल असा शिवलेला. बाजूच्या शिलाया दुहेरी. गळ्याला पट्टी. बाह्या लावलेल्या, आणि बाह्यांना मनगटाशी करंगळीच्या नखाएवढी दुमड. खालच्या मोठ्या चादरीच्या चारही कडांना हातानं तुरपाई घातली होती, टाका दिसतही नव्हता. ओढणीलासुद्धा. अब्बा सकाळपासून याच कामाला बसले होते. ज्या गिऱ्हाइकाला चिंधी सकाळपासून शिव्या घालत होती, ते गिऱ्हाईक तिची आई होती.

"या अल्लाह," फुफी हळूच म्हणाली.

"कफनाला शिलाई नसते," खाला म्हणाल्या. "मास्टरांना माहीत नाही?"

"माहीत कसं नाही? आमच्या अब्बांचं कफन त्यानंच त्या टेबलावर कापलं होतं. तेव्हा नुसती कात्री चालवली आणि दिलं." फुफीनं कुर्ता घडी घालून बाजूला ठेवला, हात लावायलाही नको असल्यासारखा. "आज काय झालं याला?"

त्या तिघी आणि भाऊ स्वयंपाकघरात जमले. दार लोटून घेतलं. जनाजा असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजेनंतर उठायचा होता, म्हणजे हातात चारेक तास होते, त्यात गुस्ल अजून व्हायचं होतं.

"नवीन कापड आणू," फुफी म्हणाली. "नाहीतर उसवू. काय ते आत्ताच्या आत्ता. मी जाऊन सांगते त्याला."

भाऊ दाराला पाठ लावून उभा राहिला. "तुम्ही काही सांगणार नाही, फुफी."

"बाजूला हो."

"कुणाला दिसणारेय? गुंडाळलं की झालं. तीन हात मातीखाली कोण उलटून बघणारेय, कड कच्ची आहे की पक्की?"

"ज्याला बघायचं त्याला दिसतं."

"मग त्याला हेपण दिसेल की तो माणूस सकाळपासून उपाशी बसून शिवत होता." भावाचा आवाज फाटला. त्यानं चिंधीकडे पाहिलं. "मौलवीणबाई, तू तरी सांग यांना. आज नको. हात जोडतो."

"ती काय सांगणार? तिला ठाऊक आहे खरं काय ते," फुफी म्हणाली. "बोल, चिंधी. या घरात शिकलेली तूच आहेस."

 दोन दिवसांपूर्वी कुणी विचारलं असतं तर चिंधी फुफीच्या बाजूला जाऊन उभी राहिली असती, पुस्तकातलं पान सांगितलं असतं. आज तिला भावाचा हात धरावासा वाटत होता, आणि तोच नेमका बोलून बसला.

"दोन वर्षं तू या घरात सगळ्यांच्या चुका काढल्यास," तो म्हणाला. "अम्मीच्यासुद्धा काढल्यास. आता अब्बांची नको काढू."

 फुफीनं नजर दुसरीकडे वळवली. हे तिलाही माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं, फक्त आजवर कुणी उच्चारलं नव्हतं.

झालं होतं असं. चिंधीचं बघून अम्मीनंही नमाज धरली होती. लहानपणी शिकलेली, मग संसारात सुटून गेलेली. तिला प्रत्येक नमाजेत लागणारी अल्हम्दु यायची आणि त्यापुढे कुराणातली एकच छोटी सुरत, कुल हुवल्लाह. नमाजेच्या पहिल्या फेरीत, म्हणजे रकातीत तीच, दुसऱ्या रकातीत तीच. शेजारी उभ्या असलेल्या चिंधीच्या कानावर तिची कुजबुज यायची. एक दिवस तिनं आईला सांगितलं, अम्मी, असं चालत नाही, दर वेळी तीच तीच नाही म्हणायची, अशी नमाज होत नाही. नवीन शिकलेल्या माणसाचा आवाज असतो ना, त्या आवाजात सांगितलं. अम्मीनं मान डोलावली. नवीन सुरत पाठ करायचा प्रयत्नही केला, कागद पिठाच्या डब्यावर चिकटवला, पण या वयात जीभ वळेना. मग तिनं चिंधीच्या शेजारी उभं राहणं सोडलं. स्वयंपाकघराचं दार लावून आत एकटीच पढायला लागली. बाहेर आवाज येऊ नये म्हणून नळ बारीक सुरू ठेवायची.

आणि सहा महिन्यांपूर्वी बोलता बोलता खाला चिंधीला म्हणाल्या होत्या, की ज्याला एकच सुरत येते त्याची नमाज त्या एकीवर होते, अल्लाह काय परीक्षा घ्यायला बसलाय का. चिंधीला तेव्हाच घरी पळत जावंसं वाटलं होतं. गेली नाही. चूक कबूल करायची लाज वाटली. आज सांगू, उद्या सांगू, परीक्षा झाली की सांगू. मग अम्मीच्या पोटातलं दुखणं निघालं आणि घरात दुसरं काही बोलायला जागाच उरली नाही.

गेल्या आठवड्यात अम्मीनं तिचा हात धरून सांगितलं होतं, "मला परक्या हातात देऊ नकोस. तूच धू. सगळं तू शिकलीस तसं कर, काही कमी ठेवू नको. माझी नमाज नीट झाली नसेल गं, निदान जाणं तरी नीट होऊ दे." चिंधी हो म्हणाली होती. तेव्हाही खरं ते बोलली नव्हती, कारण बोलली असती तर रडली असती, आणि अम्मीसमोर रडायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं. या अडाणी शहाणपणाचं ओझं आता जन्मभर तिचंच.

तिनं खालांकडे वळून विचारलं, "खाला, शिवलेलं तसंच ठेवलं तर दफन होतं का? मला नक्की सांगा. अंदाजानं मला काही बोलायचं नाहीये."

"दफन होतं, बेटा. त्यानं मय्यतीचं काही बिघडत नाही. पण रीत बिनशिलाईची आहे. सगळ्यांना तेच."

"मी जाते," चिंधी म्हणाली. "एकटी. फुफी, तुम्ही आत्ता येऊ नका. भाई, दार सोड."

अब्बा मशीनवर नव्हते. कापायच्या टेबलापाशी उभे होते. पुढ्यात मापांची एक जुनी वही उघडी होती, पिवळ्या पानांची. शटर अर्ध्यावर ओढलेलं, त्यामुळे उजेड फक्त जमिनीवर आणि त्यांच्या पायांवर पडला होता.

"अब्बा."

"लांबी कमी पडली?"

"नाही. मापात आहे."

"पडायची नाही." त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "इथं आहे तिचं माप. लग्न झालं त्या वर्षी घेतलेलं. आता ती वाळून निम्मी झाली होती, पण मी याच मापानं कापलं. हीच ती."

चिंधीनं पान पाहिलं. खांदा, छाती, बाही, उंची. समोर आकडे, आणि खाली अब्बांच्या अक्षरात लिहिलेलं, निळा, अर्जंट.

"निळा कपडा तिनंच निवडला होता," अब्बा म्हणाले. "मग सीझन लागला. मग तुझा भाऊ झाला. मग तू. मध्येमध्ये विचारायची, माझा कधी हो मास्टर? मी म्हणायचो, हे एवढं हातावेगळं झालं की तुझाच घेतो. खोटं नव्हतो बोलत गं. खरंच वाटायचं, हे झालं की घेऊ." ते थांबले. "टेलरची बायको, आणि तीस वर्षं रेडिमेड घातले तिनं. लोक हसायचे. ती पण हसायची त्यांच्याबरोबर."

"अब्बा, कफनाला..."

"शिलाई नसते. माहितीय मला." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नाक मात्र बाहीला पुसलं. "आधी नुसतं कापलं. मग कडा बघितल्या. कच्च्या कडा, दोरे सुटलेले. असंच देऊ तिला? म्हटलं एक कड दुमडू. एक दुमडली. मग हात थांबलाच नाही."

 इतक्या वर्षांत अब्बा एका दमात एवढं कधी बोलले नव्हते.

"चालेल का?" त्यांनी विचारलं. "तू शिकलीयस. सांग. माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून नको सांगू."

इथं नाही म्हणणं किती सोपं होतं. आणि हो म्हणून परत जाणं त्याहून सोपं.

"चालेल," ती म्हणाली. "मी खालांना विचारून आलेय. दफन होईल, काही अडणार नाही. पण रीत बिनशिलाईची आहे. आणि अम्मीनं माझ्याकडून कबूल करून घेतलंय, सगळं रीतीनं कर म्हणून. म्हणाली, माझी नमाज नीट झाली नसेल, निदान जाणं नीट होऊ दे." आता थांबायचं नव्हतं. "ती नीटच होत होती, अब्बा. मी तिला चुकीचं सांगितलं. एकच सुरत म्हणून नमाज होत नाही असं म्हटलं मी. होते. मला मागून कळलं. सांगते सांगते म्हणत राहिले, आणि सांगायचं राहून गेलं."

अब्बांनी मापांची वही मिटली.

"तुझंपण राहिलं," ते म्हणाले.

मग त्यांनी टेबलाचा खण ओढला, ब्लेड काढलं आणि हात पुढे केला. "आण इकडे. तू घेतलंस तर फाडशील. मी शिवलंय, मीच उसवतो."

उसवायला शिवण्यापेक्षा जास्त धीर लागतो. एक टाका कापायचा, दोरा सुईनं उचलायचा, दोन बोटं कापड सोडवायचं, पुन्हा टाका. घाई केली की कापड तुटतं. अब्बांनी बाजूची शिलाई घेतली, चिंधीनं चादरीची तुरपाई. थोड्या वेळानं भाऊ आला. बसला आणि वायर सोलायचा त्याचा छोटा चाकू काढून ओढणीला भिडला. अब्बांनी त्याच्या हातातून चाकू घेतला, त्याला दुसरं ब्लेड दिलं आणि टाका कुठून धरायचा ते दाखवलं. जन्मात सुई न धरलेला तो, जीभ दातांत धरून बसला.

पडद्याशी फुफी येऊन उभी राहिली. तोंडात काय काय घेऊन आली होती कोण जाणे, ते तिथंच गिळलं. तिनं चष्मा लावला, खाली मांडी घातली आणि कापडात अडकलेले दोऱ्यांचे तुकडे वेचू लागली.

"तुला आठवतं का रे," ती अब्बांना म्हणाली, "तिनं पहिल्यांदा माझ्यासमोर तुला मास्टर म्हटलं होतं? मी झापलं होतं तिला, नवऱ्याला असं म्हणतात का म्हणून."

"मग ती मुद्दाम म्हणायला लागली," अब्बा म्हणाले.

"मुद्दामच."

फुफी हसली आणि हसता हसताच रडायला लागली, आणि कुणीच तिला गप्प केलं नाही.

शेवटी कुर्त्याचा सरळ एक लांब तुकडा उरला, मध्ये गळ्याला चीर. चादर मोकळी झाली, ओढणी मोकळी झाली. दोन बाह्या मात्र टेबलावर तशाच पडून होत्या. कफनात त्यांचं काही काम नव्हतं. अब्बांनी त्या हातात घेतल्या, दुमड चाचपली.

"या आता कशाला," ते म्हणाले, आणि चिंध्यांच्या टोपलीकडे वळले.

"थांबा, अब्बा." चिंधीला ते बोलता बोलताच सुचलं. "गुस्ल देताना हाताला कापडाची थैली घालावी लागते. उघडा हात लावत नाहीत. नेहमी आम्ही जुन्या चादरीच्या करतो. त्या शिवलेल्या चालतात, त्यांना काही नियम नाही. दोन लागतील."

"कुणाच्या हाताला?"

"माझ्या."

अब्बांनी बाह्या टेबलावर पसरल्या. "हात ठेव."

तिनं त्यावर पंजा ठेवला. त्यांनी खडूनं भोवती रेघ ओढली, अर्धं बोट जागा सोडून. मग दुसरा हात. मशीनवर बसले, दोरा ओवायला दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं. मशीन पुन्हा सुरू झालं. या वेळी तो आवाज चिंधीनं डोळे मिटून ऐकला.

"शिलाई आतल्या बाजूला घेतलीय," थैल्या देताना अब्बा म्हणाले. "तुला थोडी रुतेल. तिला टोचायला नको."

गुस्ल खालांनी सांगितलं आणि चिंधीनं दिलं. अंगावर चादर, चादरीखाली हात. आधी उजवी बाजू, मग डावी. आजारानं अम्मीच्या बरगड्या वर आल्या होत्या आणि थैलीतून एकेक बरगडी हाताला लागत होती. आपल्याला भीती वाटेल असं चिंधीला वाटलं होतं. वाटली नाही. शेवटचं पाणी कापराचं. भिजलेल्या थैल्यांवरून हात फिरत होता आणि आतली शिलाई तिच्या बोटांना रुतत होती, अब्बांनी सांगितली होती तशी. काम करता करता ती आईच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "अम्मी, ती सुरत पुरत होती." खालांनी ऐकलं, पण त्या पाणी घालत राहिल्या.

कफन गुंडाळताना फुफीनं चादरीची कड हातात धरली आणि थबकली. दोरा गेला होता, पण टाक्यांची भोकं तशीच होती. बारीक, एका ओळीत, चारही कडांना. उजेडाकडे धरलं की दिसत होती. फुफीनं खालांकडे पाहिलं.

"भोकांचं कुठं काही लिहिलेलं नाही," खाला म्हणाल्या. "गुंडाळा."

असरनंतर पुरुष तिला घेऊन गेले. अब्बा पुढे होते. खांदा द्यायची सवय नसल्यानं त्यांची पावलं चुकत होती आणि भाऊ मागून त्यांचा सदरा धरून चालला होता. बायका दारात राहिल्या. रस्ता वळला, मग दिसेनासे झाले. चिंधी आत आली, थैल्या धुतल्या आणि दोरीवर वाळत टाकल्या.

ते परतले तेव्हा सूर्य बुडाला होता. अब्बांच्या नखांत माती होती. ते स्वयंपाकघरात येऊन नळापाशी उभे राहिले आणि काय करावं हे न समजल्यासारखे हातांकडे बघत राहिले.

"मगरीबची अजान झाली ना?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच झाली."

"मी पण पढतो." त्यांनी पँटचे पाय वर केले आणि आधी पायच धुवायला घेतले. वुजूत, म्हणजे नमाजेआधीच्या धुण्यात, पाय शेवटी असतात.  चिंधीनं भांडं घेतलं, त्यांच्या हातांवर पाणी घातलं, मग चूळ भरायला ओंजळीत दिलं, मग चेहऱ्याला, मग कोपरापर्यंत, डोक्यावरून ओला हात फिरवायला, आणि सगळ्यात शेवटी पुन्हा पायांवर. त्यांच्या नखांतली माती गेली नाही. तिनं तीही तशीच राहू दिली.

दाराच्या मागच्या खिळ्याला अम्मीची जानमाज होती. ती अंथरून चिंधी मागे सरकली. "तुम्ही पुढे व्हा, अब्बा."

"मी?" ते घाबरलेच. "मला काय येतं? अल्हम्दु येते. आणि एक कुल हुवल्लाह. त्यापुढे काहीच येत नाही मला."

पिठाच्या डब्यावरचा कागद अजून निघाला नव्हता. एक कोपरा सुटून लोंबत होता.

"तेवढी पुरते, अब्बा," चिंधी म्हणाली. "अम्मीचीपण तेवढीच होती."

भाऊ दारात येऊन उभा होता. बाह्या कोपरापर्यंत ओल्या. तो अब्बांच्या उजव्या अंगाला जाऊन उभा राहिला, कुठं बघावं हे न कळून जमिनीकडे बघत. अब्बांनी हात कानांपर्यंत नेले. पहिल्या रकातीत त्यांनी ती सुरत मोठ्यानं म्हटली, अडखळत, टाका टाका धरून. दुसऱ्या रकातीत पुन्हा तीच. चिंधी मागे उभी राहून ऐकत होती. नळ कुणीच सुरू ठेवला नव्हता.